ताराक्कांचा काटा

ताराक्कांच्या घरी कुणी पहिल्यांदा राहायला आलं, तर त्याला आधी पाणी मिळत नाही. आधी वजन होतं. मग पाणी, मग चहा आणि मग नाव-गाव. पाहुणा विमानाने आलेला असो नाहीतर एसटीने, हा क्रम चुकत नाही. पाणी पिऊन काट्यावर उभं राहिलं तर पाण्याचंही वजन धरलं जातं आणि पहिलीच नोंद खोटी पडते, असं त्यांचं शास्त्र आहे.

पाबळच्या अलीकडच्या या गावात मी भाडेकरू म्हणून आले. नवरा शिक्रापूरला कंपनीत, शिफ्ट ड्यूटीवर. तिथल्या ट्रकांच्या धुराला कंटाळून आम्ही जरा आत सरकलो. टेम्पोतून सामान उतरत होतं तेव्हा शेजारच्या घरातून एक किडकिडीत बाई आल्या. नमस्कार नाही, चौकशी नाही. त्यांनी माझा डावा दंड धरला आणि कमरेच्या पिशवीतून एक रंगीत पट्टी काढून त्याभोवती गुंडाळली. पट्टी लहान लेकरांची. माझ्या दंडाला ती पुरली नाही. "पुरली न्हाई म्हंजी हिरव्यात हायेस," त्या म्हणाल्या. "नवऱ्याला बोलाव." नवरा डोक्यावर गादी घेऊन उभा होता. त्याला तसाच मोजण्यात आला आणि तो पिवळ्यात निघाला.

मागाहून समजलं, की अक्कांची सगळी नोकरी अंगणवाडीत गेली. तान्ह्या पोरांना झोळीत घालून काट्याला टांगायचं, वजन बघायचं, दंडाला पट्टी लावायची. हिरवं म्हणजे पोर धडधाकट, पिवळं म्हणजे लक्ष ठेवा, तांबडं म्हणजे पळा. निवृत्त होताना त्यांनी सरकारी काटा परत केला. सवय कुणी मागितली नाही, त्यामुळे ती राहिली. गावातली तिशीच्या आतली सगळी माणसं कधी ना कधी त्यांच्या झोळीतून लोंबकळलेली आहेत, आणि हे त्या कुणालाही विसरू देत नाहीत. आमचे तरुण सरपंच एकदा ग्रामसभेत रस्त्याच्या कामावर जरा आवाज चढवून बोलायला लागले. अक्का बायकांतून उठल्या आणि म्हणाल्या, "दमानं घे. तुला तांबड्यातनं मी काढलाय." रस्त्याचा विषय तिथेच संपला.

त्यांचं एक ठरलेलं वाक्य आहे: "काट्यावर बोला." कुणी म्हणालं, आता बरं वाटतंय, तर काट्यावर बोला. आमदाराचा माणूस गावाच्या विकासाबद्दल सांगायला आला, तरी काट्यावर बोला. त्यांच्या मते मूल खोटं बोलतं, आई खोटं बोलते, अंगणवाडीची सुपरवायझर तर बोलतेच. काटा तेवढा बोलत नाही.

गावाजवळ आमची एक लहानशी संस्था आहे. तिच्या ऑफिसात मी काम करते. परदेशातून मुलंमुली स्वयंसेवक म्हणून येतात, शाळेत इंग्रजी बोलायला शिकवतात, टोमॅटो वाळवायची उन्हावरची पेटी करायला मदत करतात आणि गावातल्या कुणाच्या तरी घरी घरच्यासारखी राहतात. 'घरच्यासारखी' हा शब्द संस्थेच्या माहितीपत्रकातला. पहिल्या वेळी मी घर शोधत गावभर फिरले. कुणी विचारलं पंखा लागेल का, कुणी विचारलं तिखट चालेल का, एका घरी तर विचारलं की पाहुणी आमच्या पोराला तिकडे नेईल का. अक्कांनी एकच विचारलं, "वाढत्या अंगाचं हाय का?" मी म्हटलं, अक्का, पंचविशीतली मुलगी आहे, वाढायची तेवढी वाढून झालेली आहे. त्या म्हणाल्या, "ते काटा ठरवंल."

अक्का एकट्याच राहतात. मालक तरुणपणीच गेले. मुलगा दौंडला रेल्वेत आहे. सून, नातवंडं तिथेच क्वार्टरमध्ये. मुलगा चांगला आहे, मी त्याला ओळखते, माझं माहेरही दौंडचंच. तो दर रविवारी फोन करून आईला कायमची तिकडे बोलावतो. अक्का वर्षातून एकदा जातात आणि आठवडा व्हायच्या आत परततात. तिथे प्रत्येक जण आपापल्या वेळेला, आपापलं ताट घेऊन, आपापल्या मोबाइलसमोर जेवतो, एवढीच त्यांची तक्रार. पाहुणे यायला लागल्यापासून मुलगाही जरा निर्धास्त झाला. घरात कुणीतरी आहे, मग आईचं चाललंय, असं त्याला वाटायचं.

आता काट्याचं. सरकारी काटा गेल्यावर अक्कांनी आमच्या आळीच्या टोकाला असलेली पोपटआप्पांची वखार धरली. आप्पा शेतकऱ्यांचा कांदा घेऊन पुढे पाठवतात. त्यांच्याकडे जमिनीवरचा मोठा काटा आहे. पाहुणा आला की अक्का त्याला सामानासकट तिकडे नेतात, आप्पा गोण्या बाजूला घेतात आणि पाहुणा कांद्याच्या सालपटात उभा राहतो. एक उंचच उंच डच तरुण आला होता. त्याला वाटलं, हा इथला स्वागताचा विधी आहे, म्हणून काट्यावर त्याने हात जोडले आणि डोळे मिटले. आप्पांनी आकडा वाचला आणि सवयीने म्हणाले, "बारदान वजा." म्हणजे गोणपाटाचं वजन कापायचं. अक्का खवळल्या. "माणूस हाय तो, कांदा न्हाई." आप्पा म्हणाले, बुटाचं तरी कापू द्या, चांभाराचं अख्खं दुकान पायात आहे. शेवटी बूट कापले.

दर महिन्याला वजन, आणि पाहुणा जायच्या दिवशी पुन्हा वजन. "माझ्या घरातनं कुणी उणं होऊन गेलं न्हाई," हा अक्कांचा अभिमान, आणि तो खराच होता. डच तरुण गेला तेव्हा त्याच्या पँटचं बटण लागत नव्हतं. आप्पांनी वखारीतला सुतळीचा तुकडा दिला. तो तसाच विमानात बसला असणार.

गेल्या वर्षी पोलंडहून मार्था आली. हसरी, लांब पायांची, बोलायला मोकळी. मराठी ती अक्कांकडून शिकली, त्यामुळे नमस्काराच्या जागी तिच्या तोंडी जयभीम बसलं. शाळेत, दुकानात, पोपटआप्पांच्या वखारीत, सगळीकडे जयभीम. फुलांच्या मळेवाल्या पाटलांनाही तिने बांधावरून दणदणीत जयभीम घातला. पाटील पहिल्यांदा रामराम म्हणाले, दुसऱ्यांदा नुसते हसले, आणि नंतर नंतर त्यांच्याही तोंडून आपसूक तेच निघायला लागलं. अक्कांना याचा इतका आनंद झाला की त्या दिवशी त्यांनी मार्थाला रात्रीचं दोनदा जेवायला घातलं.

पण मार्था भरत नव्हती. सकाळी उठून ती पाबळच्या रस्त्याला पळत जायची, हे अक्कांना आधीच मान्य नव्हतं. मागे कुत्रं नाही, पुढे एसटी नाही, मग माणूस पळतं कशाला? तरी पळण्याचं त्यांनी सोसलं. मात्र महिन्याच्या वजनाला आकडा खाली आला. पुढच्या महिन्याला आणखी खाली. अक्कांनी कंबर कसली. शेंगदाण्याचे लाडू झाले, नाचणीची खीर झाली, म्हशीच्या दुधाचा रतीब वाढला. सुकट-बोंबील आवडतात असं कळल्यावर शिरूरच्या बाजारातून पिशवी भरून आली आणि आमची अख्खी आळी त्या वासात राहिली. मार्था मन लावून जेवायची, बोटं चाटायची, आणि अर्ध्यातच हात आखडायची. पोट भरलं, अक्का. पुरे, अक्का.

मी सुचवलं की घोळ बारदानाचा असेल. मार्था आली तेव्हा थंडी होती, अंगात जाड जाकीट होतं. आता ती सुती कुडत्यात उभी राहते. अक्कांना आशा वाटली. त्यांनी ते जाकीट ट्रंकेतून काढलं आणि भर उन्हात मार्थाला ते घालून काट्यावर चढवलं. ती बिचारी घामाने निथळली. आकडा तरीही कमीच. आप्पांनी काटा हलवून बघितला, स्वतः उभे राहून बघितलं, मग डोकं खाजवत म्हणाले, "मालात घट हाय, अक्का." नेहमीसारख्या अक्का खवळल्या नाहीत. त्यांनी जाकिटाची घडी केली आणि घरी गेल्या.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसात पोचले तर त्या माझ्या आधी येऊन बाकावर बसलेल्या. धुवट साडी, केस चापून बसवलेले, जणू तालुक्याला मीटिंग आहे. म्हणाल्या, पोरगी माझ्या घरात झिजतेय, तिला दुसरीकडे हलव. मला वाटलं, चिडून बोलताहेत. पण त्या शांत होत्या. अंगणवाडीत एखाद्याचं पोर उतरायला लागलं तर त्या घरच्यांना तोंडावर सांगत आल्या होत्या. आता घर स्वतःचं निघालं म्हणून गप्प बसायचं का, असं त्यांचं म्हणणं. मी नाना परींनी समजावलं. मार्था खुशीत आहे, तिची तक्रार नाही, डॉक्टरांनीही ठणठणीत म्हटलंय. अक्का म्हणाल्या, "काट्यावर बोल, वैशाली." स्वतःच्याच विरुद्ध तक्रार द्यायला आलेली बाई मी पहिल्यांदाच बघत होते.

संस्थेच्या पुण्याच्या मॅडमना फोन करावाच लागला. त्या म्हणाल्या, शिरूरमध्ये एक शिक्षकाचं कुटुंब तयार आहे, सोमवारी हलवू. आणि बाई एकट्या आहेत, वयही झालंय, तर यापुढे त्यांच्याकडे कुणाला ठेवायला नको. शेवटचं वाक्य मी अक्कांना सांगितलं नाही. त्यांनी ते ओळखलं असावं, कारण त्यांनी काहीच विचारलं नाही. मुलाच्या रविवारच्या फोनवर मात्र त्या दौंडला पाणी किती वाजता येतं, असलं काहीतरी विचारत होत्या.

मार्थाला सांगायला मी शाळेत गेले. मधली सुट्टी होती. पोरं तिच्या केसांच्या वेण्या घालत होती. सोमवारी शिरूरला जायचंय म्हटल्यावर तिने केस सोडवून घेतले आणि मला बाजूला ओढलं. तिच्या मोडक्यातोडक्या मराठीतून मला जे कळलं ते असं. आल्यावर थोड्याच दिवसांत ती जेवण झाल्यावर पाणी घ्यायला स्वयंपाकघरात गेली होती. अक्का ओट्याकडे तोंड करून उभ्याने खात होत्या. भाकरीचा तुकडा आणि तिखट. कालवणाचं भांडं रिकामं होतं, कारण आग्रह करकरून ते सगळं मार्थालाच वाढलेलं होतं. तिने दुसऱ्या दिवशी बघितलं, तिसऱ्या दिवशी बघितलं. मागे उरेल तेच अक्का खातात. तेव्हापासून तिने ठरवलं, आपण अर्ध्यावर उठायचं. "मी खाल्ली तर अक्काला नाय," ती म्हणाली. "मी नाय खाल्ली तर अक्काला हाय."

मी अक्कांच्या घराला भिंत लावून राहते. त्यांच्या फोडणीवरून मी सांगू शकते आज काय शिजतंय. पण त्या कधी आणि काय जेवतात हे मला ठाऊक नव्हतं. आणि ही काही गरिबीची गोष्ट नाही. डब्यात पीठ होतं, परसात भाजी होती. जास्तीचं शिजवायला अडवणारं कुणी नव्हतं. अक्का फक्त एका ताटाचंच शिजवायच्या.

त्या संध्याकाळी दिवेलागणीला आम्ही दोघी अक्कांकडे गेलो. ताट वाढलेलं होतं. मार्थाने मांडणीवरून दुसरं ताट घेतलं, पहिल्याच्या समोर मांडलं, आपल्या भाकरीतली अर्धी त्यात ठेवली आणि हात मांडीत घेऊन बसली. म्हणाली, "अक्का, तुमी बसा. मग मी खाती."

अक्कांनी कारणं काढायला सुरुवात केली. पाहुण्याच्या आधी जेवत नसतात. मला आत्ता भूक नाही. गॅसवर दूध आहे. गुडघा वाकत नाही. दूध मी उतरवलं. गुडघ्यासाठी पाट दिला. पाहुण्याचं म्हणाल तर मार्था म्हणाली, मी पाहुणी नाही, मी घरची, कागदावर तसं लिहिलंय. अक्का उभ्याच. मग मला राग आला, आणि मी जरा जोरातच म्हटलं की अक्का, गावभर दंड मोजत फिरता आणि स्वतः उभ्याने तुकडे मोडता, पोरगी तुमच्यापायी उपाशी राहतेय, हे तरी काट्यावर बघा.

अक्कांनी पाट पुढे ओढला. मग पाटावर बसल्या, पण ताटाला हात लावला नाही. म्हणाल्या, "पहिली ती कोरियाची पोरगी आली व्हती बघ. तिच्या देशात म्हणं मोठ्या माणसानं घास घेतल्याबिगर लहान जेवत न्हाईत. बसायची माझ्या तोंडाकडं बघत. मग काय, मी आधी घास घ्यायचा, मग ती. रोज. हसायचो, बोलायचो, एकमेकीला वाढायचो. ती ग्येली आन् मी ताट वाढून बसले, तर घासच जाईना. समोर कुणी न्हाई, कुणाच्या आधी घ्यायचा? लई दिवस लागले मला, वैशाली. तवाच ठरवलं, हितनं पुढं पाव्हण्याला आधी वाढायचं, आपण मागाहून उभ्याउभ्या काय ते खायचं. सवयच लावायची न्हाई." आणि मार्थाकडे वळून म्हणाल्या, "तूबी जाणार हायेस की गं. ऱ्हाणार हायेस का?"

मार्थाला सगळे शब्द कळले नसतील. शेवटचा प्रश्न कळला. ती खोटं बोलली नाही. "जाणार," ती म्हणाली. "पण आज हाय."

अक्कांनी पदराने नाक पुसलं, भाकरी मोडली, कालवणात बुडवली आणि घास तोंडात घातला. तो गिळेपर्यंत मार्था थांबली. मग ती जी जेवायला बसली, की अक्कांना उठून आणखी भाकऱ्या टाकाव्या लागल्या. मी दारातच उभी होते. माझे डोळे भरून आले, तेव्हा बोंबलाचा वास सोसवत नाही असं सांगून मी घरी आले.

सोमवारी शिरूरला कुणी गेलं नाही. मॅडमना मी काय झालं ते सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, राहू दे. पुढच्या वजनाला मार्था वर गेली आणि पोपटआप्पांनी स्वतःहून पेढे वाटले, घट भरून निघाली म्हणून. ठरलेली मुदत संपली तेव्हा ती गेली. एसटीच्या खिडकीतून तिने अख्ख्या स्टँडला जयभीम घातला. अक्का रडल्या नाहीत. घरी आल्या, अंगण झाडलं, तिच्या खोलीतली चादर धुवायला काढली. मुलाचा फोन आला तेव्हा सगळं झकास आहे म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी माझ्या नवऱ्याची सेकंड शिफ्ट होती. संध्याकाळी मी एकटी. अशा दिवशी मी ओट्याला टेकून, मोबाइल बघत, कढईतूनच खाते. ताटाचा पसारा कुणासाठी घालायचा? शेजारी भाकऱ्या थापल्याचा आवाज झाला. मग नुसतं शांत. भांडं वाजलं नाही, पाणी ओतल्याचा आवाज नाही. बऱ्याच वेळाने मी डोकावले. अक्का पाटावर बसल्या होत्या. ताट वाढलेलं, भाकरी गार झालेली, वरणावर साय धरलेली. त्यांचे हात मांडीत होते.

मी घरी गेले, माझी भाजी ताटात काढली आणि ते घेऊन त्यांच्यासमोर जाऊन बसले. अक्का म्हणाल्या, "काय गं, मीठ संपलं व्हय?" मी म्हटलं, मीठ आहे, ह्यांची सेकंड आहे. एकटीला जेवण जात नाही मला. हे मी कधी कुणाला सांगितलं नव्हतं, नवऱ्यालासुद्धा नाही.

त्यांनी माझ्या ताटाकडे बघितलं. आपल्या ताटातली भाकरी मोडून अर्धी माझ्या ताटात टाकली. मी थांबले होते. ते त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी घास घेतला.

"सेकंड कवा कवा असती त्याची, ते आधी सांगत जा," घास चावत त्या म्हणाल्या. "तेवढं पीठ काढावं लागतं."